दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सांडलेले पित्तखडे आणि त्यांचे उशिरा उद्भवणारे विकार : पांढुर्णा व सौंसर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पित्ताशयातील खड्यांवर दुर्बिणीद्वारे केली जाणारी शस्त्रक्रिया आज इतकी रूढ झाली आहे की, खेड्यापाड्यांतही ती 'छिद्राचे ऑपरेशन' किंवा 'दुर्बिणीचे ऑपरेशन' या नावाने ओळखली जाते. तीन-चार लहान छिद्रे, एक-दोन दिवसांचा मुक्काम आणि आठवड्याभरात पुन्हा कामावर, अशी तिची ख्याती असून ती बव्हंशी खरीही आहे. मात्र या शस्त्रक्रियेत एक बारीकशी घटना वारंवार घडते. पित्ताची पिशवी सोडवताना ती कोठेतरी फाटते आणि तिच्यातील पित्त व काही खडे पोटाच्या पोकळीत सांडतात. शल्यचिकित्सक दिसतील तेवढे खडे वेचून काढतो, पोकळी धुऊन घेतो व शस्त्रक्रिया पूर्ण करतो. एखादा खडा नजरेआड राहतो. बहुतेकांच्या पोटात तो आयुष्यभर निमूटपणे पडून राहतो. परंतु थोड्या रुग्णांत काही महिन्यांनी, क्वचित दहा-पंधरा वर्षांनीही, त्याच्याभोवती पू होतो.

अशा वेळी रुग्णाला आपले ऑपरेशन झाल्याचे आठवते, पण खडा मागे राहिला होता हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. समोरचा डॉक्टर नवा असतो. पिशवीच काढली आहे म्हटल्यावर पित्तखड्याचा विचार त्याच्या मनात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात या विकारांचे स्वरूप स्पष्ट करावयाचे असून, पांढुर्णा-सौंसरसारख्या सीमेवरील भागात हा प्रश्न शल्यकौशल्याइतकाच कागदावरील एका ओळीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

परिसर व उपचारांची वाट

पांढुर्णा व सौंसर हे पूर्वीच्या छिंदवाडा जिल्ह्यातील दोन मराठीभाषक तालुके. 2023 साली या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशात राहिला. तरी संत्र्यांची बाजारपेठ, सोयरीक आणि दवाखाना या तिन्ही गोष्टींसाठी येथील माणसाचे तोंड नागपूरकडेच राहिले आहे. पांढुर्णा इटारसी-नागपूर लोहमार्गावर असून नागपूर तेथून शंभरेक किलोमीटर पडते. सौंसर त्याहून जवळ. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1947 पासून आहे, तर छिंदवाड्याचे 2019 मध्ये सुरू झाले. त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठण्याचा प्रघात जुना आहे. 2018 पासून आयुष्मान भारत योजनेचे कार्ड दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयातही चालत असल्याने या वाटेला आणखी बळ मिळाले.

परिणामी एकाच रुग्णाचे कागद अनेक ठिकाणी विखुरतात. सोनोग्राफी पांढुर्ण्यात, ऑपरेशन नागपुरात, टाके काढले गावातल्या डॉक्टरने, आणि तीन वर्षांनी पोट दुखले तेव्हा दाखवले छिंदवाड्यात किंवा बैतूलला. नागपूरचे डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, इकडची शासकीय चिठ्ठी हिंदीत आणि रुग्णाची बोली मराठी. या तीन भाषांमधून एखादी महत्त्वाची गोष्ट गळून पडणे अगदी सोपे आहे.

येथे शब्दाचाही एक घोळ आहे. या भागात मूत्रपिंडातील व पित्ताशयातील अशा दोन्ही खड्यांना 'पथरी' असेच म्हणतात. त्यामुळे 'तुम्हाला पथरी होती का' या प्रश्नाला रुग्ण 'हो' म्हणतो आणि ऐकणारा मुतखडा समजतो. ऑपरेशन कशाचे झाले हे विचारताना 'पित्ताच्या पिशवीचे का' असा थेट प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ही शस्त्रक्रिया कशी रूढ झाली

पित्ताशय काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली केली. पिशवीत खडे आहेत एवढ्यासाठी नव्हे, तर ती खडे तयार करते म्हणून ती काढावयाची, अशी त्यांची भूमिका होती. पुढील शंभर वर्षे पोटावर मोठा छेद घेऊनच हे काम होत असे. 1985 मध्ये जर्मनीतील एरिक म्यूहे यांनी व 1987 मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे फिलिप मूरे यांनी दुर्बिणीची पद्धत अवलंबिली. भारतात 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ती प्रथम केली आणि ग्रामीण, गरीब रुग्णांना तिचा लाभ अधिक आहे, कारण ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला महिनाभर अंथरूण परवडत नाही, ही बाजू त्यांनी आग्रहाने मांडली. संत्र्याच्या तोडणीत पेट्या उचलणाऱ्या मजुराच्या बाबतीत हे म्हणणे आजही तंतोतंत पटते.

सांडलेल्या खड्यांचा प्रश्न मात्र याच पद्धतीबरोबर पुढे आला. उघड्या शस्त्रक्रियेतही पिशवी फाटत असे. पण हात आत जात असे, जखम कापडाच्या घड्यांनी वेढलेली असे आणि सांडलेला खडा तेथेच सापडत असे. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायॉक्साइड वायू भरलेला असतो, पिशवी चिमट्याने ताणलेली असते व काम पडद्याकडे पाहून चालते. पिशवी फाटण्याचे प्रसंग प्रामुख्याने तीन. सुजलेली, ताठ झालेली पिशवी चिमट्यात धरताना; यकृताच्या खोबणीतून ती विद्युत-आकड्याने सोडवताना; आणि शेवटी बेंबीजवळच्या किंवा बरगड्यांखालच्या छिद्रातून ती ओढून काढताना. निरनिराळ्या अहवालांत पिशवी फाटण्याचे प्रमाण दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत दिलेले आढळते. म्हणजे ही काही अपवादात्मक चूक नव्हे. अनुभवी हातांतूनही ती होते, विशेषतः पिशवीला तीव्र सूज असताना.

सुरुवातीच्या काळात, म्हणजे 1990 च्या आसपास, असे खडे निरुपद्रवी असतात असाच समज होता. पुढच्या काही वर्षांतच पोटातील गळवांचे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले आणि हा समज सोडावा लागला. तरीही प्रमाणाचे भान सुटता कामा नये. सर्व दुर्बिण-शस्त्रक्रियांच्या हिशेबाने पाहिल्यास सांडलेल्या खड्यामुळे पू होण्याचे प्रमाण हजारी तीनच्या आतच सांगितले जाते. ज्यांच्या पोटात खडे राहिल्याचे निश्चित ठाऊक आहे, त्यांच्यापुरते ते अर्थातच वाढते. या लेखामुळे कोणी ऑपरेशन पुढे ढकलू नये. पित्ताशयाची तीव्र सूज, पित्तनलिकेत अडकलेला खडा व स्वादुपिंडाचा दाह हे धोके सांडलेल्या खड्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत.

कोणते खडे त्रास देतात

सगळे खडे सारखे नसतात. कोलेस्टेरॉलचे खडे पिवळसर असून पुष्कळदा मोठे व थोडे असतात. रंगद्रव्याचे खडे दोन तऱ्हेचे. तपकिरी खडे जंतुसंसर्ग झालेल्या पित्तात तयार होतात व त्यांच्या आत जिवंत जीवाणू दडलेले असतात. काळे खडे तांबड्या रक्तपेशी सतत फुटत राहिल्याने तयार होतात. ते बहुधा निर्जंतुक, पण बारीक, ठिसूळ आणि संख्येने पुष्कळ असतात. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, निर्जंतुक खडा पोकळीत ठेवल्यास शरीर त्याच्याभोवती आवरण तयार करून त्याला गप्प बसवते. खड्यासोबत संसर्ग झालेले पित्त असले की मात्र आतडी चिकटतात व गळू होते. मानवी रुग्णांच्या अनुभवातूनही धोका वाढविणारी हीच लक्षणे पुढे आली आहेत. तीव्र सुजेच्या काळात केलेली शस्त्रक्रिया, संसर्ग झालेले पित्त, रंगद्रव्याचे खडे, पंधराहून अधिक खडे, दीड सेंटिमीटरहून मोठा खडा आणि रुग्णाचे वाढलेले वय ही ती होत.

या यादीतील रंगद्रव्याच्या खड्यांमुळे आपल्या भागाचा विचार वेगळा करावा लागतो. विदर्भ व त्याला लागून असलेला मध्य प्रदेशाचा पट्टा हा सिकलसेल आजाराचा पट्टा आहे. गोंड-प्रधानांसारख्या आदिवासी समाजांबरोबरच महार, कुणबी, तेली या समाजांतही हा जनुक आढळतो. या आजारात रक्तपेशी लवकर फुटतात व तरुणपणीच, कधी शाळकरी वयातही, पित्ताशयात काळे खडे होतात. सामान्यतः पित्तखडे हा चाळिशीनंतरच्या स्त्रियांचा विकार समजला जातो. येथे मात्र सतरा वर्षांच्या मुलाचेही पित्ताशय काढावे लागते. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा निकामी होत गेलेली असल्याने त्याची जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शक्ती कमी असते. पुढे अशा रुग्णाला ताप व पोटदुखी सुरू झाली की, 'सिकलसेलचा झटका' असे समजून सलाइन व वेदनाशामके दिली जातात आणि यकृताखाली साचणारा पू तसाच राहू शकतो. झटका आठवड्याभरात ओसरला नाही, किंवा दुखणे प्रत्येक वेळी उजव्या बाजूच्या एकाच जागी येऊ लागले, तर पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनची आठवण काढून सोनोग्राफी केलीच पाहिजे.

खडा कोठे जातो

माणूस उताणा निजला असता पोटाच्या वरच्या भागातील सर्वांत खोलगट जागा म्हणजे यकृताच्या खाली, उजव्या मूत्रपिंडासमोरची पोकळी. सांडलेला खडा बहुधा तेथेच जाऊन बसतो. गळू होण्याची नेहमीची जागाही हीच, किंवा यकृत व श्वासपटल यांच्या मधली. पोकळीतील द्रव उजव्या कडेने वर श्वासपटलाच्या दिशेने सरकत असतो, हे त्यामागचे एक कारण. धुण्यासाठी जोराने सोडलेले सलाइनही बारीक खड्यांना दूरवर ढकलते. कधी पिशवी बाहेर ओढताना खडा छिद्राच्या वाटेतच, पोटाच्या भिंतीत अडकून राहतो.

यावरून लक्षणांचा अंदाज येतो. छिद्राच्या वणाजवळ गाठ येणे, ती फुटून पू वाहणे, भरून येणे व पुन्हा फुटणे हा एक प्रकार. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. उजव्या कुशीत किंवा कमरेच्या वर पाठीत मंद दुखणे, संध्याकाळी बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे. समजा, सौंसरकडच्या बगीच्यात काम करणाऱ्या एका बाईचे चार वर्षांपूर्वी नागपुरात ऑपरेशन झाले आहे. तिची उजवी कंबर दुखते. ओझे उचलण्याने दुखत असेल म्हणून ती तेल चोळते. पुढे बारीक ताप येतो. मग पाठीवर, बरगड्यांच्या खाली फुगवटा दिसू लागतो. कोणी त्याला उष्णतेचे गळू समजून चिरा देतो, पू निघतो, बरे वाटते आणि दोन महिन्यांनी तेथेच पुन्हा फुगते. खडा आत असेपर्यंत हे चक्र थांबत नाही, हे या विकाराचे मुख्य लक्षण आहे.

क्वचित खडा श्वासपटल पोखरून छातीत जातो. तेथे पू होतो आणि रुग्णाने खोकल्यातून पित्तखडे बाहेर टाकल्याच्याही नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. मूत्रमार्गे खडा पडणे, अंडाशयाजवळ गळू होणे, हर्नियाच्या पिशवीत खडे सापडणे, आतडे अडकणे अशीही उदाहरणे नोंदली गेली आहेत. ती दुर्मीळ असल्याने त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

क्षयरोगाशी गल्लत

आपल्याकडे बारीक ताप, घटते वजन व पोटातील गाठ म्हटले की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो येणे योग्यच आहे. अडचण अशी की, खड्याभोवतीच्या गाठीचा तुकडा तपासला असता त्यातही क्षयासारखी दिसणारी दाहगाठ आढळू शकते, कारण परक्या वस्तूभोवतीही शरीर तशाच पेशी गोळा करते. मग सहा महिने क्षयाची औषधे चालतात आणि गुण येत नाही. तपासणीसाठी तुकडा पाठविताना 'पित्ताशयाची दुर्बिण-शस्त्रक्रिया अमुक साली' एवढे चार शब्द सोबत लिहिले, तर विकृतिशास्त्रज्ञ त्यात पित्ताची रंगद्रव्ये व खड्याचे कण शोधील. क्षयाचे जंतू शोधण्याची जलद जनुकीय चाचणीही अशा वेळी करून घ्यावी.

याच्या उलट बाजूचा सावधपणाही हवा. छिद्राच्या जागी वाहणारी प्रत्येक जखम सांडलेल्या खड्याचीच असते असे नाही. दुर्बिणीची उपकरणे नीट निर्जंतुक न झाल्यास, किंवा रसायनातून काढून साध्या पाण्याने धुतल्यास, पाण्यातील क्षयसदृश जीवाणू छिद्रांत शिरतात व काही आठवड्यांनी गाठी होऊन वाहू लागतात. भारतात याचे अहवाल पुष्कळ आहेत. ढोबळ फरक असा की, या संसर्गात एकाहून अधिक छिद्रे बिघडू शकतात व पोटाच्या आत बहुधा काही सापडत नाही. त्याची औषधे नेहमीच्या क्षयाहून वेगळी असतात.

कर्करोगाशीही गल्लत होते. पोटाच्या पडद्यावर ठिकठिकाणी बसलेले खडे स्कॅनमध्ये कर्करोगाच्या गाठींसारखे दिसू शकतात. पण येथे दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. काढलेली पिशवी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविलीच पाहिजे. आपल्याकडे नातेवाइकांना डबीत घालून खडे दाखविण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. पिशवीचे पुढे काय झाले हे मात्र कोणी विचारीत नाही. पिशवीत लपलेला कर्करोग असेल आणि ती फाटून पित्त सांडले असेल, तर रोग पोकळीत व छिद्रांत पसरण्याचा धोका असतो. हे लवकर कळण्याचा मार्ग म्हणजे तो प्रयोगशाळेचा अहवाल.

निदान व उपचार

सोनोग्राफी ही पहिली पायरी. गळवाच्या आत सावली टाकणारा ठिपका दिसला तर निदान जवळजवळ झालेच. सी. टी. स्कॅनमध्ये चुना असलेले खडे स्पष्ट दिसतात, पण शुद्ध कोलेस्टेरॉलचा खडा त्यातूनही निसटू शकतो. अशा वेळी एम.आर.आय. चा उपयोग होतो. म्हणून 'स्कॅनमध्ये खडा नाही' एवढ्यावरून शंका सोडून देता येत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी पोकळीत ठेवलेल्या धातूच्या क्लिपा खडा म्हणून वाचल्या जाणेही शक्य असते, तेव्हा क्ष-किरणतज्ज्ञालाही जुना इतिहास कळणे जरुरीचे आहे.

उपचाराचे सूत्र सोपे आहे. केवळ पू काढून व प्रतिजैविके देऊन भागत नाही; खडा निघाला पाहिजे. पू प्रथम नळीने काढून रुग्णाला सावरावे, पुवाची जंतुतपासणी करावी आणि मग खडा पुन्हा दुर्बिणीने, नळीच्या वाटेने किंवा लहान छेद घेऊन काढावा. पुवात बहुधा आतड्यात नेहमी आढळणारेच जीवाणू सापडतात. खडा निघाल्यावर वर्षानुवर्षे वाहणारी जखमही भरून येते. ज्याच्या पोटात खडा आहे पण कोणताच त्रास नाही, त्याला केवळ त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे कारण नाही.

खडे सांडू नयेत म्हणून घ्यावयाची काळजी शल्यचिकित्सकांना ठाऊकच असते. ताठ पिशवीतील पित्त सुईने आधी ओढून घेणे, फाटलेले तोंड क्लिपने बंद करणे, पिशवी दुसऱ्या थैलीत घालूनच बाहेर काढणे, पोकळी भरपूर सलाइनने धुणे. बाजारात मिळणारी थैली महाग पडते म्हणून अनेक ठिकाणी निर्जंतुक हातमोजा कापून त्याची थैली करतात. ही जुगाड म्हणून हसण्याची गोष्ट नाही. काम तेच होते. काही खडे सापडले नाहीत एवढ्यावरून पोट उघडण्याची आवश्यकता नसते, यावरही साधारण एकमत आहे.

कागदावरील एक ओळ

खडे मागे राहिले, तर ते शस्त्रक्रियेच्या नोंदीत लिहावे व रुग्णाला सांगावे, असे सर्वच तज्ज्ञ म्हणतात. प्रत्यक्षात सांगण्याचे टाळले जाते. रुग्ण घाबरेल, नातेवाईक भांडतील, ग्राहक मंचात प्रकरण जाईल, ही भीती त्यामागे असते व ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पण खडा सांडणे ही शस्त्रक्रियेची ज्ञात गुंतागुंत आहे, निष्काळजीपणाचा पुरावा नव्हे. ती संमतिपत्रातच आधी समजावून सांगितली असेल, तर नंतर सांगणेही जड जात नाही. शिवाय नोंद नसल्यामुळे पुढे होणारे नुकसान रुग्णाचेच असते. वर्षभराच्या तपासण्या, न लागणारी औषधे, बुडालेली मजुरी.

डिस्चार्ज कार्डावर पुढील मजकूर देवनागरीत लिहिण्यास काहीही अडचण नसावी : 'पिशवी काढताना फाटली. काही खडे पोटात सांडले. दिसले ते काढले, एखादा राहिला असू शकतो. पुढे कधीही उजव्या कुशीत किंवा पाठीत दुखणे, ताप, अथवा छिद्राच्या जागी गाठ आल्यास हा कागद दाखवावा.' हा मजकूर मराठी वाचणाऱ्याला कळतो, छिंदवाड्याच्या डॉक्टरलाही अडत नाही. पिशवी न फाटता निघाली असेल तर तसेही लिहावे. त्यामुळे पुढचा डॉक्टर निष्कारण त्या दिशेने शोधत बसणार नाही. 2021 पासून देशभर राबविल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या आरोग्य खात्यात हे कागद जोडता येतात आणि राज्याची सीमा तेथे आड येत नाही. ज्यांच्याजवळ साधन नाही त्यांनी मोबाइलवर कार्डाचा फोटो काढून घरातील दोघा-तिघांकडे ठेवावा.

खड्यांची डबी लोक कपाटात वर्षानुवर्षे जपतात, कागद मात्र हरवतो, असा अनुभव आहे. डबीही टाकून देऊ नये. खडे काळे की पिवळे, बारीक की मोठे, हे तिच्यावरून कळते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी झालेल्यांना ओळखपत्रे दिली जातात. पांढुर्णा-सौंसरकडील ज्या घरांत असे पत्र आले असेल आणि घरातील कोणाचे पित्ताशय काढलेले असेल, तेथे ऑपरेशनचे कार्ड त्या ओळखपत्राबरोबर एकाच पिशवीत ठेवावे आणि दवाखान्यात जाताना दोन्ही सोबत न्यावीत.